चालू न्याहारी-निवासाची विक्री आणि वास्तूची तपासणी

मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 च्या कलम 55 नुसार, विक्रेत्याला ठाऊक असलेला पण खरेदीदाराला सामान्य दक्षतेने न सापडणारा महत्त्वाचा दोष, मग तो वास्तूचा असो वा मालकीहक्काचा, उघड करणे विक्रेत्यावर बंधनकारक असते. म्हणून कोकणातील चालू न्याहारी-निवास, म्हणजे मुक्कामासह सकाळची न्याहारी देणारे घरगुती अतिथिगृह, विकताना तपासणी टाळण्यापेक्षा तिची तयारी करणे शहाणपणाचे ठरते. जांभ्याच्या भिंतींत चढणारी ओल, कौलांखालच्या वाशांना लागलेली वाळवी, विहिरीच्या फार जवळ असलेली शौचटाकी आणि खोल्या वाढवताना जुन्याच तारांवर पडलेला विजेचा भार हे दोष पाहुण्यांच्या वर्दळीत झाकलेले राहतात आणि दुरुस्तीला मात्र फार खर्चिक निघतात. ओलीची खरी व्याप्ती पावसाळ्यातच कळते. घाईने रंगवलेली भिंत अनुभवी अभियंत्याचा संशय उलट वाढवते. पाहुण्याने घेतलेली खोली त्याच्या संमतीवाचून उघडणे अनुचित असल्याने तपासणीच्या दिवशी सर्व खोल्यांची आरक्षणे बंद ठेवावीत. सातबारा आणि बांधकाम परवानगीची कागदपत्रे तयार ठेवावीतच, शिवाय आगाऊ घेतलेल्या आरक्षण-रकमांची जबाबदारी विक्रीनंतर कोणाकडे राहील, हे करारात स्पष्ट लिहून घ्यावे.