मोटर उलटी फिरते तेव्हा

दापोली तालुक्यातल्या मुरुडला, मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही मुलांबरोबर एक हलती खुर्ची बनवली. पडद्यावरचे विमान कलले की खुर्चीनेही कलायचे! वेगाने उलटसुलट हलवून पाहताना मोटर चालवणारे सर्किट, म्हणजे ड्रायव्हर, जळाले. सुदैवाने खुर्ची रिकामी होती. मोटर मात्र शाबूत. असे का झाले?

एक प्रयोग करा. खेळण्यातल्या मोटरच्या दोन टोकांना गॅल्व्हानोमीटर जोडा आणि तिचा दांडा बोटांनी फिरवा. काटा हलेल. म्हणजे फिरणारी मोटर जनित्रही असते. चालू मोटर पुरवठ्याच्या विरोधात विद्युतदाब निर्माण करते, म्हणूनच धारा मर्यादित राहते.

समजा, पुरवठा १२ व्होल्ट, मोटरचा रोध ०.५ ओहम आणि विरोधी दाब १० व्होल्ट आहे.

फिरताना: (१२ – १०) ÷ ०.५ = ४ अँपिअर
अडकल्यावर: १२ ÷ ०.५ = २४ अँपिअर
एकदम उलटी केल्यावर: (१२ + १०) ÷ ०.५ = ४४ अँपिअर!

आपली खुर्ची तर सतत दिशा बदलते. म्हणून ड्रायव्हर ४ अँपिअरचा घेऊन भागत नाही. तो अडकलेल्या मोटरची धारा पेलणारा आणि धारेला मर्यादा घालणारा हवा. दिशा बदलण्याआधी वेगही हळूहळू कमी करावा. मंदावणारी मोटर ऊर्जा परत पाठवते. बॅटरी ती सामावून घेते. संगणकातल्या पॉवर सप्लायला ते जमत नाही, दाब चढतो आणि ड्रायव्हर जळू शकतो.

फ्यूज बॅटरीच्या धन टोकाजवळच बसवा. पण तो वाचवतो तारांना. ट्रान्झिस्टर त्याआधीच जळतो. जळताना तो बहुधा शॉर्ट होतो. मग मोटर पूर्ण जोराने धावू शकते आणि संगणकाला जुमानत नाही! म्हणून बसणाऱ्याच्या हाताशी लाल बटण हवेच. त्याने संगणकाला नुसता निरोप जाऊन उपयोग नाही. बॅटरी आणि ड्रायव्हर यांमधला पुरवठाच तुटला पाहिजे.

तारा जाड आणि आखूड ठेवा. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत तांब्याचे जोड हिरवे पडतात. अशा जोडाचा रोध ०.१ ओहम झाला, तर २० अँपिअरला तिथे ४० वॅट उष्णता निर्माण होते. एवढ्यात डाख देण्याची इस्त्री तापते! जोड घट्ट आवळा, अधूनमधून हात लावून पाहा. अर्थात, पुरवठा बंद करून.

आणि माणूस बसवण्याआधी खुर्चीवर वाळूचे पोते ठेवून लाल बटण दाबून पाहा.