शिकणारे लाखो, पॅच तपासणारे मोजके

8.8 लाख कोटी डॉलर आणि 415 कोटी डॉलर. हार्वर्ड बिझनेस स्कूलमधून 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासातले हे दोन आकडे. ओपन सोर्स सॉफ्टवेअर नसते आणि प्रत्येक कंपनीला ते आपापले लिहून घ्यावे लागले असते, तर येणारा जगाचा एकूण खर्च म्हणजे पहिला आकडा. तेच सगळे सॉफ्टवेअर एकदाच, नव्याने लिहायला लागणारा खर्च म्हणजे दुसरा. त्याच अभ्यासातला तिसरा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो: पहिल्या रकमेतले 96 टक्के मूल्य जेमतेम 5 टक्के डेव्हलपरांच्या हातून आलेले आहे.

मग या 5 टक्क्यांत नवे लोक पोहोचतात कसे?

दाराशी गर्दी कमी नाही. गिटहबवर 2024 मध्ये भारतातले 1.7 कोटींहून अधिक डेव्हलपर होते आणि ही संख्या वर्षाला 28 टक्क्यांनी वाढत होती. पहिले पाऊल टाकायला मदतही मिळते. 'गुगल समर ऑफ कोड' ही योजना 2005 पासून चालू आहे, आणि 2022 पासून विद्यार्थी नसलेल्या नवशिक्यांनाही तिथे जागा आहे. 'आउटरीची' ही दुसरी योजना तीन महिन्यांच्या कामाला जगात कुठेही 7000 डॉलर देते. नागपूरच्या मुलीला आणि न्यूयॉर्कच्या मुलीला सारखेच मानधन, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पण खरे शिक्षण होते ते पॅच, म्हणजे कोडमधला सुचवलेला बदल, परत आल्यावर. लिनक्स कर्नलमध्ये नवख्याचा पहिला पॅच सहसा जसाच्या तसा घेतला जात नाही. काय बदलले ते कोडमध्ये दिसतेच, का बदलले ते लिहा, असे उत्तर येते. मग विषयाच्या ओळीत 'व्ही 2' चढतो, पुढे 'व्ही 3'. प्रत्येक खेपेला तीन आडव्या रेघांखाली मागच्या आवृत्तीपेक्षा वेगळे काय केले, ते नोंदवायचे. चार-पाच फेऱ्यांत माणूस इतरांना वाचता येईल असा कोड लिहायला शिकतो. कुठल्याही कोर्सच्या व्हिडिओत हे मिळत नाही, कारण इथे कोणीतरी अनुभवी माणूस तुमच्याच ओळी वाचत बसलेला असतो.

त्या माणसाच्या वेळेचा हिशोब कोण ठेवतो? आउटरीची मार्गदर्शकाकडून आठवड्याला किमान 5 तासांची अपेक्षा ठेवते, म्हणजे तीन महिन्यांत साठेक तास, तेही एका शिकाऊ व्यक्तीमागे. आणि टाइडलिफ्ट कंपनीच्या 2024 च्या पाहणीत 60 टक्के मेंटेनरांनी, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्यांनी, या कामाचा काहीच मोबदला मिळत नसल्याचे सांगितले. काम सोडलेले किंवा सोडण्याचा विचार केलेलेही जवळपास तितकेच निघाले.

हातात हात देणारी दुसरी फळी नसली की काय होते, ते मार्च 2024 मध्ये दिसले. 'एक्सझेड' हे फाइली आकुंचित करणारे साधन असंख्य लिनक्स यंत्रणांवर असते. त्याचा भार वर्षानुवर्षे प्रामुख्याने एकाच मेंटेनरवर होता. एका टोपणनावाच्या व्यक्तीने दोनेक वर्षे मदत करत विश्वास कमावला, अधिकार मिळवले आणि 5.6.0 व 5.6.1 या आवृत्त्यांत चोरदार घातले. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला दुसऱ्या मशीनवर लॉगिन करताना अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकले, म्हणून ते उघडकीला आले. थकलेल्या मेंटेनरच्या मदतीला विश्वासातली आणखी दोन माणसे तयार झालेली असती, तर हा घुसखोर एवढा पुढे सरकता ना.

म्हणून कंपन्यांनी कर्मचाऱ्याच्या वार्षिक मूल्यमापनात पॅच तपासण्याचे तास धरले पाहिजेत, असे माझे ठाम मत आहे. बढती मिळवायला स्वतः लिहिलेला कोडच दाखवावा लागत असेल, तर दुसऱ्याचा कोड सुधारून देण्यात कोण वेळ घालेल? जिथे मुंबईच्या फ्रॅपे कंपनीच्या ईआरपीनेक्स्टसारखा प्रकल्प हाच कंपनीचा धंदा असतो, तिथे हे काम पगारातच येते. बाकीच्यांसाठी पैसा बाहेरून यावा लागतो. झिरोधा कंपनीने 2024 मध्ये सुरू केलेला 'फ्लॉस फंड' वर्षाला 10 लाख डॉलर वाटतो, एका प्रकल्पाला 10 हजार ते 1 लाख. अशा पैशावर एका मेंटेनरने आठवड्याचा एक दिवस तपासणीसाठी राखला, तर वर्षाचे 400 तास होतात. साठ तासांच्या हिशोबाने सहा नवी माणसे.