शाई संपली, की सुकली?

सकाळी साडेनऊ. हाजरा रोडवरून निघालो की जतीन दास पार्कला मेट्रो धरतो आणि चांदनी चौकला उतरतो. कोलकात्यात मेट्रो धावू लागली १९८४ साली. एचपीचा थिंकजेट हा इंकजेट प्रिंटरही त्याच वर्षीचा. माझ्या रोजच्या भाकरीला दोन्ही लागतात.

दहा. माझ्या प्रिंटर-कार्ट्रिजच्या दुकानाचं शटर वर गेलं की आधी तिथल्या प्रत्येक प्रिंटरवर नोझल चेकचा कागद काढतो. त्यावरच्या रेषा सलग असल्या की दिवस सुरू करायला हरकत नाही. स्क्रीनवर काय लिहिलंय ते मी नंतर बघतो.

सव्वादहा. हायकोर्टाकडचे कारकून घाईत येतात. ‘दादा, काली शेष!’ म्हणजे शाई संपली. बहुतेक वेळा शाई संपलेली नसते, फक्त ‘इंक लो’ची सूचना आलेली असते. मी त्यांना चालू ठेवा म्हणून सांगतो. बहुतेक प्रिंटर शाई प्रत्यक्ष मोजत नाहीत, उडवलेल्या थेंबांचा हिशेब ठेवतात. पिंपात न डोकावता, किती तांबे उपसले त्यावरून उरलेलं पाणी सांगावं, तसं हे. त्यामुळे ही सूचना लवकर येते. तिचा अर्थ एवढाच, की नवं कार्ट्रिज आणून ठेवा, पण फोडू नका. एचपी ६८० च्या काळ्या कार्ट्रिजची साधारण ४८० पानं धरतात, रंगीतची १५०. हे आकडे ठरावीक चाचणी-पानांवरचे असतात. लीगल कागदावर गच्च टाइप केलेला अर्ज त्याहून बरीच शाई पितो, हे कारकुनांना सांगावंच लागतं.

सगळ्याच यंत्रांत असं चालत नाही. एप्सनसारख्या काही प्रिंटरांत शाई उडवणारं हेड कार्ट्रिजवर नसतं, यंत्रातच बसवलेलं असतं. कार्ट्रिजवरच्या चिपने शून्य दाखवलं की ते छापणं थांबवतात, आत थोडी शाई असली तरी. हेडमध्ये हवा शिरू नये म्हणून ती राखलेली असते. तिथे यंत्राशी भांडू नये, कार्ट्रिज बदलावं.

साडेबारा. बौबाजारातून आपली माणसं येतात. खानापूर, आटपाडी, विट्याकडची, सोनं-चांदी गाळणारी गलाईवाली मंडळी. सोन्याच्या तपासणीचा कागद गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा असतो आणि त्यावर आकडा फिकट दिसून चालत नाही.

‘आवं, पट्टं पडाय लागल्यात कागदावर.’

‘पट्टे पहिल्या ओळीपासून आहेत, की खाली जाता जाता फिकट होतं?’

माझ्या धंद्यातला खरा प्रश्न हाच. पानाच्या डोक्यापासून ठरावीक जागी बारीक पांढऱ्या रेघा असतील, तर नोझल तुंबलंय, शाई आहे. वर ठसठशीत आणि खाली येईतो राखाडी होत असेल, तर शाई संपत आली. रंगीत कार्ट्रिजमध्ये तिन्ही रंग एकदम संपत नाहीत. फोटो हिरवट आला तर गुलाबी शाई गेली, जांभळट आला तर पिवळी. उरलेले दोन रंग भरपूर असले तरी त्यांचा उपयोग नाही.

आणि फिकट पान निघालं की तिथेच थांबायचं. ‘अजून दोन पानं ओढू’ हा मोह वाईट. एचपी, कॅननच्या यंत्रांत बारीक तापक शाईला क्षणभर उकळवून थेंब उडवतो आणि शाईच त्याची उष्णता वाहून नेते. शाई नसताना छापत राहिलं तर हेड जळतं. मग रिफिल करूनही ते कार्ट्रिज कामाचं राहत नाही.

तीन. गर्दी ओसरते, बाकावर काम सुरू होतं. रंगीत कार्ट्रिजचं हेड ओलसर टिशू पेपरवर हलकं दाबतो. तीन रंगांचे तीन पट्टे स्वच्छ उमटले, तर कार्ट्रिज जिवंत आहे. एखादा उमटला नाही, तर त्या रंगाची शाई संपली आहे किंवा सुकली आहे. क्लीनिंग दोनदा करतो, फार तर तीनदा, कारण प्रत्येक वेळी चांगली शाई वाया जाऊन यंत्रातल्या पॅडमध्ये मुरते. तरी रेघ जुळली नाही, तर रात्रभर तसंच ठेवतो.

कुणी वयस्क गृहस्थ विचारतात, फाउंटन पेनची शाई भरली तर? १९३४ साली सुरू झालेल्या सुलेखा शाईचं हे शहर. जादवपूरच्या एका चौकाला आजही तिचं नाव आहे, तेव्हा प्रश्न प्रेमापोटी येतो. तरीही नको. नोझलचं भोक केसाहून बारीक असतं आणि प्रिंटरची शाई वेगळी असते.

सहा ते आठ. कॉलेजची मुलं प्रोजेक्ट घेऊन येतात. उभं राहायला जागा नसते.

साडेआठला शटर ओढतो. दुर्गापूजेनंतरच्या आठवड्यात मात्र हे दिवसभराचं काम पुरत नाही. सुट्टीत बंद राहिलेल्या प्रिंटरांतली शाई नोझलच्या तोंडाशी सुकते आणि लोक ती संपली समजून भरलेली कार्ट्रिजं फेकून देतात. माझी कळकळीची विनंती आहे: सुट्टीवर निघण्याआधी एक रंगीत पान छापा, प्रिंटर त्याच्याच बटणाने बंद करा म्हणजे हेड टोपणाखाली जाऊन बसेल, आणि मगच भिंतीवरचा स्विच बंद करा.