न दिसणारी धूळ

खिडकीतून उन्हाची तिरीप आली म्हणजे तिच्यात असंख्य धूलिकण तरंगताना दिसतात. घरातील लहानशा कार्यशाळेत कोणी लोखंडाला कानस लावीत असेल किंवा ग्राइंडरवर पितळ घाशीत असेल, तर त्यांत धातूचे कणही मिसळलेले असतात.

त्यांपैकी जाड कण खाली पडतात किंवा नाकातच अडकतात. श्वासनलिकेतील सूक्ष्म लव आणखी काही कण कफाबरोबर बाहेर लोटते. परंतु अतिसूक्ष्म कण फुप्फुसांतील वायुकोशांपर्यंत जातात व पुष्कळदा तेथेच ठाण मांडतात. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रोमीटर जाड असतो. हे कण ५ मायक्रोमीटरांहूनही बारीक असतात. म्हणून दिसणाऱ्या धुळीपेक्षा न दिसणारी धूळच अधिक घातक होय. इटलीतील वैद्य रामाझ्झिनी यांनी इ. स. १७०० मध्ये कारागिरांच्या व्याधींवर ग्रंथ लिहून धुळीने होणाऱ्या विकारांकडे लक्ष वेधले होते.

नाकावर रुमाल बांधला की झाले, अशी कित्येकांची समजूत असते. पण रुमालाच्या विणीतून हे कण सहज पार होतात. त्याऐवजी एन-९५ जातीचा मुखवटा वापरावा. तो चेहऱ्यावर घट्ट बसला पाहिजे. फट राहिल्यास तो असून नसल्यासारखाच! काम उघड्या दाराखिडकीपाशी करावे. नंतर केरसुणीने धूळ उडवू नये, ओल्या फडक्याने टिपून घ्यावी. कामाचे कपडेही घरात नेऊ नयेत. नाही तर तीच धूळ धाकट्या भावंडांच्या श्वासात जाईल.

कानस झिजली तर बाजारात दुसरी मिळते. फुप्फुसे मात्र जन्मभर तीच पुरवावी लागतात.