‘द्या ना’चं इंग्रजी

आमच्या प्रथम वर्षाचा एक मुलगा बँकेत खातं उघडायला गेला. काउंटरपलीकडे परराज्यातून बदली होऊन आलेला अधिकारी होता, त्याला मराठी येत नव्हतं. मुलाने मनातल्या मनात वाक्य जुळवलं आणि म्हणाला, “गिव्ह मी वन फॉर्म.” अधिकाऱ्याने मान वर करून त्याच्याकडे पाहिलं, फॉर्म पुढे सरकवला आणि तुटकपणे म्हणाला, “से प्लीज.” दुसऱ्या दिवशी मुलगा वर्गात आला तो चेहरा पाडूनच. “मॅडम, माझं काय चुकलं? वाक्य तर बरोबर होतं ना?”

वाक्य बरोबर होतं. व्याकरणाच्या पेपरात त्याला पूर्ण गुण मिळाले असते. पण हाच मुलगा मराठीत काय म्हणाला असता ते पाहा: “साहेब, एक फॉर्म द्या ना.” या एवढ्याशा वाक्यात अदब तीन ठिकाणी आहे. एक ‘साहेब’मध्ये, दुसरी ‘दे’ऐवजी आलेल्या ‘द्या’मध्ये आणि तिसरी शेवटच्या ‘ना’मध्ये. इंग्रजीत उतरवताना तिन्ही गळून पडल्या, कारण इंग्रजीत ‘दे’ आणि ‘द्या’ या दोहोंना ‘गिव्ह’ हा एकच शब्द. तू, तुम्ही, आपण या सगळ्यांना एकच ‘यू’. मग इंग्रजी माणूस अदब ठेवतो कुठे? तो आज्ञेचा प्रश्न करतो आणि त्यात ‘कुड’, ‘वुड’, ‘मे’ घालतो. “कुड आय हॅव अ फॉर्म, प्लीज?” आमच्या मुलाला ‘कुड’ माहीत होतं, पण ‘कॅन’चा भूतकाळ म्हणून. त्यातच आपला ‘द्या ना’ दडलेला आहे, हे बारा वर्षांत त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मी तालुक्याच्या गावातल्या महाविद्यालयात इंग्रजी शिकवते. बहुतेक मुलं मराठी माध्यमातली, घरात इंग्रजी बोलणारं कुणी नाही. त्यांच्याविषयी ‘यांचं इंग्रजी कच्चं आहे’ असं सर्रास बोललं जातं. मला ते पटत नाही. जे कच्चं राहिलं आहे ते वेगळंच आहे आणि त्याला अमेरिकन भाषा-मानववंशशास्त्रज्ञ डेल हाइम्स यांनी १९६०च्या दशकात नाव दिलं: ‘कम्युनिकेटिव्ह कॉम्पिटन्स’. आपण त्याला संवादक्षमता म्हणू. कुणाशी, केव्हा, कशा सुरात काय बोलायचं आणि कुठे गप्प बसायचं, हे कळणं हाही भाषा येण्याचाच भाग आहे, असं त्यांचं म्हणणं होतं. ही जाण नसेल, तर व्याकरणाचे नियम पाठ असूनही काउंटरवर अपमान होतो.

मुळात आमची मुलं मराठीत या बाबतीत तरबेज असतात. कंडक्टरकडून सुटे पैसे कसे मागायचे, सरपंचांशी कसं बोलायचं, रुसलेल्या आत्याची समजूत कशी घालायची, हे त्यांना शिकवावं लागत नाही. विद्यापीठातल्या इंग्रजीच्या वर्गाने सुरुवात इथून करायला हवी, असं माझं ठाम मत आहे.

तशी ती होत नाही, याचं मूळ फार जुनं आहे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर. शिकवायचं महाविद्यालयांनी, विद्यापीठाने परीक्षा घ्यायची आणि पदवी द्यायची. म्हणजे आपल्याकडे विद्यापीठ जन्माला आलं तेच परीक्षा घेणारी संस्था म्हणून. साहजिकच इंग्रजी हा ‘पेपर’ झाला. ‘कम्पल्सरी इंग्लिश’ म्हणजे एक धडा, एक कविता, संदर्भासहित स्पष्टीकरण आणि गाईड. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांमध्येही पहिलीपासून इंग्रजी आलं, त्याआधी ते पाचवीपासून असे. म्हणजे आज प्रथम वर्षाला येणाऱ्या मुलाच्या गाठीशी इंग्रजीची बारा वर्षं असतात. पण ती वहीतली वर्षं. फळ्यावरचं उतरवून घेण्यात गेलेली.

आता नव्या शैक्षणिक धोरणात भाषा आणि संवादकौशल्यांसाठी वेगळे श्रेयांक आहेत. चांगली गोष्ट आहे. दोन श्रेयांकांचा सैद्धांतिक अभ्यासक्रम म्हणजे सत्रात तीस तास. वर्गात मुलं साठ. एकेका मुलाला उभं करून बोलायला लावलं आणि मी तीसही तास तोंड मिटून बसले, तरी प्रत्येकाच्या वाट्याला अख्ख्या सत्रात अर्धा तास येतो. तेच दोघादोघांच्या जोड्या केल्या तर एकाच वेळी तीस जण बोलत असतात आणि प्रत्येकाला पंधरा तास मिळतात. शिक्षक तोच, वर्ग तोच, पुस्तकही तेच. हा हिशेब मी पहिल्यांदा कागदावर मांडला, त्या दिवसापासून माझ्या वर्गातली शांतता गेली.

वर्गात काय चालतं ते सांगते. एसटी स्थानकातल्या फलकावरून मी गाड्यांचं वेळापत्रक उतरवून आणलं. त्याच्या दोन प्रती केल्या. एकीत काही वेळा गाळल्या, दुसरीत दुसऱ्याच गाळल्या. जोडीतल्या दोघांनी पाठीला पाठ लावून बसायचं आणि विचारून विचारून आपापला तक्ता भरायचा. कागद दाखवायचा नाही. दोन महिने एक शब्द न बोललेली, मागच्या बाकावरची मुलगी पाचव्या मिनिटाला पाठीमागच्या मुलीला दरडावत होती, “नो, नो, व्हेन इज द लास्ट बस? लास्ट!” पलीकडून उत्तर आलं, “लालपरी ऑर शिवशाही?” शेवटची गाडी तिच्या गावाला जाणारी होती. ती चुकली तर काय होतं, हे तिला चांगलं ठाऊक होतं. त्या क्षणी आपण इंग्रजी बोलतोय, हे तिच्या लक्षातही नव्हतं.

ही युक्ती माझी नाही. भाषाशिक्षणाचे अभ्यासक एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या शाळांमध्ये एक प्रयोग केला, तो ‘बंगलोर प्रकल्प’ म्हणून जगभर ओळखला जातो. साध्या शाळा, भरलेले वर्ग. तिथे व्याकरणाचे नियम आधी शिकवायचे नाहीत. मुलांपुढे रेल्वेचं वेळापत्रक, नकाशा असं काहीतरी ठेवायचं आणि सोडवायला एक काम द्यायचं. लक्ष अर्थावर असलं की भाषा आपसूक रुजते, ही त्यामागची धारणा. आज ‘टास्क-बेस्ड’ अध्यापन म्हणून जी पद्धत परदेशी पुस्तकांतून आपल्याकडे परत येते, तिच्या पायाचे काही दगड इथलेच आहेत, हे आपल्या प्राध्यापकांनाही नेहमी ठाऊक नसतं. प्रभू स्वतः मात्र मुलांना गटात बोलायला लावण्याच्या फार बाजूचे नव्हते. एकमेकांच्या चुका एकमेकांना लागतील, अशी त्यांची शंका होती. तिच्यात तथ्य आहे. माझ्याही वर्गात ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ एका बाकावरून दुसऱ्या बाकावर पसरतं. तरीही तोंड मिटलेल्या मुलापेक्षा चुकत बोलणारं मूल मला सुधारता येतं, म्हणून मी जोड्या सोडलेल्या नाहीत.

मुलं अडतात कुठे, हे जवळ बसून ऐकल्यावर कळतं. “आय... आय...” इथे ती थांबतात. आपल्याला वाटतं, शब्द आठवत नाही. तसं नसतं. मराठीत ‘मी काल आईबरोबर बाजारात’ इथवर निवांत जाता येतं, क्रियापद शेवटी आलं तरी चालतं. इंग्रजीत ‘आय’ म्हटल्याबरोबर ‘वेंट’ काढावं लागतं. सगळ्यात शेवटी ठरवायची सवय असलेली गोष्ट सगळ्यात आधी ठरवावी लागते. म्हणून मी सुटे शब्द पाठ करून घेत नाही, वाक्यांची तोंडं करून घेते: ‘आय वेंट टू’, ‘आय वाँट टू’, ‘आय हॅव टू’. तोंड फुटलं की पुढचं वाक्य येतंच. उच्चारांची धास्ती मुलांना असते तेवढी मला नाही. बॅट आणि बॉल लिहिता यावं म्हणून आपल्या लिपीने ॲ आणि ऑ केव्हाच करून घेतले आहेत आणि ‘झेड’चा उच्चार ‘जागा’ म्हणणाऱ्या जिभेला जड नाही. आघात तेवढे ऐकून ऐकून शिकावे लागतात. परदेशी ढब आणायची काहीच गरज नाही.

सुरुवातीची काही वर्षं मी वर्गात मराठीला बंदी घातली होती. मराठी शब्द आला की दहा रुपये दंड. तो नियम चुकीचा होता. दंडाने इंग्रजी वाढलं नाही, मुलं गप्प झाली. गरिबाघरची मुलं आधी गप्प झाली. आता मी उलट करते. आधी मराठीत सांगू देते.

एका मुलाने मुलाखतीच्या सरावासाठी व्हिडिओ पाहून उत्तर पाठ केलं होतं. “मायसेल्फ...” पासून सुरुवात, मग ‘माय स्ट्रेंथ इज पॉझिटिव्ह ॲटिट्यूड’. डोळे छताकडे. मी थांबवलं आणि म्हटलं, “हे राहू दे. आज सकाळी उठल्यापासून काय काय केलंस ते मराठीत सांग.” तो पहाटे पाच वाजता वडिलांच्या दूध संकलन केंद्रावर बसतो. प्रत्येकाच्या दुधाचा नमुना घ्यायचा, मशीनवर फॅट आणि एसएनएफ बघायचं, लिटर मांडायचे, चिठ्ठी द्यायची, दर दहा दिवसांनी पेमेंट. हे सांगताना त्याचे डोळे छतावरून खाली आले. निम्मे शब्द इंग्रजीच होते, त्याच्या ते ध्यानात नव्हतं. आम्ही फळ्यावर त्याचीच वाक्यं लिहिली. ‘आय टेस्ट द मिल्क. आय नोट द फॅट. वी पे एव्हरी टेन डेज.’ मग मी विचारलं, “इफ द फॅट इज लो अँड द फार्मर इज अँग्री?” तो क्षणभर थांबला. “आय टेस्ट अगेन. इन फ्रंट ऑफ हिम.”

संवादकौशल्याच्या कुठल्याही पुस्तकात मला याहून चांगलं उत्तर सापडलेलं नाही. दहा शब्दांच्या आत त्याचा प्रामाणिकपणा, संयम आणि कामाची जाण आली होती.

आणखी एक सवय मोडायला फार वेळ लागतो. समजलं नाही तरी मान डोलवायची. मराठीत आपण सहज ‘काय म्हणालात?’ म्हणतो, इंग्रजीत तेच विचारणं मुलांना अज्ञानाची कबुली वाटते. नोकरीच्या पहिल्या महिन्यात मुलं इथेच मार खातात: फोनवरचं अर्धंच कळलेलं असतं, ‘येस सर’ म्हणून मोकळी होतात आणि काम भलतंच होऊन बसतं. ‘सॉरी, आय डिडन्ट गेट दॅट’ आणि ‘सो यू वाँट मी टू...’ ही दोन वाक्यं मी सत्राच्या पहिल्या आठवड्यात देते आणि शेवटच्या आठवड्यापर्यंत वापरून घेते. लेखी कामात ईमेल घेते. ‘वरील विषयास अनुसरून’ची सवय हाडीमासी मुरलेली असल्याने मुलं आधी कारणांचा पाढा वाचतात आणि मागणी तळाला ठेवतात. इंग्रजी ईमेलमध्ये मागणी वर आणायची, एवढं एक जमलं तरी पुष्कळ.

हे सगळं तोंडी परीक्षेशिवाय टिकत नाही, कारण जे तपासलं जात नाही ते मुलं सोडून देतात. त्यात त्यांचा दोष नाही. अनेक ठिकाणी तोंडी परीक्षा म्हणजे हजेरीपटावर सरसकट गुण मांडणं असतं. साठ मुलं, जोडीला दहा मिनिटं धरली तर पाच तास लागतात. एका सत्रात दोन सकाळी. एवढे तास विद्यापीठाने वेळापत्रकात अधिकृतपणे धरावेत, शिक्षकाच्या कार्यभारात मोजावेत, ही माझी मागणी आहे आणि ती मी अभ्यास मंडळापुढेही लेखी ठेवली आहे.

या सत्रात मुलांना सांगितलं, घरात इंग्रजीत छापलेला जो कागद कामाचा असेल तो आणा. विम्याचा कागद आला, खताच्या पोत्यावरची पट्टी आली, मोबाइलच्या कर्जाचा करार आला. ती शेवटच्या गाडीची मुलगी आजीचं दवाखान्यातलं डिस्चार्ज कार्ड घेऊन आली. आजी घरी आल्यापासून गोळ्या अंदाजाने चालल्या होत्या. ‘बीडी’ म्हणजे दिवसातून दोनदा, हे तिला त्या तासाला कळलं. मग जोडीदारीण आजी झाली आणि ती समजावू लागली. जोडीदारीण मुद्दाम घोळ घालत होती, “मॉर्निंग? एम्प्टी स्टमक?” ती कार्डावर बोट ठेवून सावकाश म्हणाली, “नो, आजी. आफ्टर फूड. टू टाइम्स. प्लीज रिमेंबर.” मी ‘ट्वाइस’ हा शब्द फळ्यावर लिहिला. तिने तो आधी कार्डाच्या पाठीमागे उतरवून घेतला, मग वहीत.