बरोबरीचें चिन्ह आणि संगणकाची भाषा

शाळेंत शिकलेलीं अधिकाचीं व भागाकाराचीं चिन्हें संगणकाच्या भाषेंत गेलीं म्हणजे त्यांचा अर्थ तोच राहतो, असा सामान्य समज आहे. तो पुरता खरा नाहीं. १९९५ सालीं सन मायक्रोसिस्टिम्स या अमेरिकन कंपनीनें 'जावा' नांवाची भाषा प्रसिद्ध केली. जेम्स गॉस्लिंग हा तिचा मुख्य कर्ता. तींत पूर्णांक ७ ला पूर्णांक २ नें भागिलें तर ३ च येतात. उरलेला अर्धा मुकाट्यानें टाकून दिला जातो. अधिकाचें चिन्ह दोन संख्यांची बेरीज करतें, पण दोन शब्दांमध्यें आलें कीं त्यांना एकमेकांस जोडून देतें.

परंतु खरी मौज बरोबरीच्या चिन्हांत आहे. १५५७ सालीं रॉबर्ट रेकॉर्ड यानें तें आपल्या ग्रंथांत प्रथम छापलें, कारण दोन समांतर रेघांहून अधिक समान असें कांहीं असूं शकत नाहीं, असें त्याचें म्हणणें. जावामध्यें मात्र 'क = क + १' असें खुशाल लिहितात. बीजगणिताच्या तासाला असें लिहिणारा मुलगा बांकावर उभा राहिला असता! येथें तें विधान नव्हे, आज्ञा आहे: 'क' नांवाच्या कप्प्यांतील संख्येंत एक मिळवून बेरीज त्याच कप्प्यांत ठेवावी. दोन संख्या समान आहेत काय, हें विचारावयाचें तर चिन्ह दोनदां, '==' असें, लिहावें लागतें.

शब्दांच्या बाबतींत एवढ्यानेंही भागत नाहीं. ही भाषा वस्तुप्रधान आहे आणि लिहिलेलें नांव ही तींत एक 'वस्तु' असते. कप्प्यांत ती वस्तु नसते, तिचा ठावठिकाणा असतो; आणि '==' तेवढा ठावठिकाणाच ताडून पाहतें. वहींत नोंदलेला 'विष्णु' आणि दारांत येऊन कोणी टंकलेला 'विष्णु' अक्षरशः एक असले तरी चिठ्ठ्या दोन. म्हणून उत्तर 'नाहीं' असें येतें, आणि खरा विष्णु दारांतूनच परत जातो. मजकूर ताडावयाचा तर 'ईक्वल्स' या निराळ्या क्रियेस सांगावें लागतें.

ही चूक लबाडही आहे. आज्ञावलींतच दोन ठिकाणीं तेंच नांव लिहिलेलें असेल, तर जावा दोहोंसाठीं एकच चिठ्ठी वापरते व '==' होकार देतें. त्यामुळें घरच्या परीक्षेंत सारें सुरळीत दिसतें. परकें माणूस नांव टंकूं लागलें कीं मग बिघडतें. १९९१ सालीं प्रथम बाहेर आलेल्या 'पायथन' भाषेंत वाटणी निराळी आहे. तेथें शब्दांमधील '==' मजकूरच पाहतें, आणि वस्तु तीच आहे काय, हें विचारण्यास 'इज' हा स्वतंत्र शब्द ठेविला आहे.