औषधाची खालची वाट

आजचा विषय चारचौघांत बोलायचा म्हणजे संकोच वाटतो. पण याच संकोचापायी शौचावाटे रक्त पडले, तरी माणूस ‘मूळव्याध असेल’ म्हणून गप्प बसतो. कधी कधी ते रक्त मोठ्या आतड्याला पडलेल्या व्रणांचे असते, आणि गप्प बसण्यात उपचाराचे दिवस निघून जातात.

गुदमार्गाने औषध देणे आपल्याला नवे नाही. चरकसंहितेत बस्तीला निम्म्या चिकित्सेचा मान आहे. परंतु मान वेगळा आणि प्रमाण वेगळे. प्रमाण कसे मिळते, त्याचा दाखला पाहा. या व्रणांवर सल्फासालाझीन हे औषध देत असत. त्यात दोन द्रव्ये जोडलेली. मग गुण कोणाचा? १९७७ साली ऑक्सफर्ड येथे आझाद खान, पिरिस आणि ट्रूलव्ह यांनी ती अलग करून रोग्यांना एनिमाने दिली. एकाने गुण आला, दुसऱ्याने फारसा नाही. गुण देणारे ते आजचे मेसालाझीन. ते नुसते तोंडाने घेतले, तर बरेचसे वरच्या आतड्यातच शोषले जाते. खालून दिले, की नेमके दुखऱ्या जागी पोचते.

मग जेल कशाला? सुजलेल्या गुदाशयात पातळ औषध रोग्याला धरवत नाही. जेल चिकटून राहते. पोलॉक्झमर या द्रव्याचे जेल तर गारव्यात पातळ असते आणि अंगाच्या उष्णतेने घट्ट होते. पण वैशाखात साखरखेर्ड्याला पारा चाळिशीपार गेला आणि ते बाटलीतच घट्ट झाले तर? म्हणून पहिली कसोटी प्रयोगशाळेत: ते किती अंशांवर घट्ट होते, किती वेळ चिकटते, औषध किती वेगाने सोडते.

दुसरी कसोटी माणसांवर. नुसत्या जेलनेही थोडा आराम वाटू शकतो. म्हणून चिठ्ठ्या टाकाव्यात तसे रोग्यांचे दोन गट पाडतात; एकाला औषधी जेल, दुसऱ्याला कोरे जेल किंवा आधीचे प्रचलित औषध देतात. कोणाला काय मिळाले, हे शक्यतो रोग्यालाही कळू देत नाहीत आणि डॉक्टरांनाही. शेवटी दुर्बिणीने आतडे पाहून निवाडा करतात. भारतात अशा चाचणीची नोंद २००९ पासून सक्तीची आहे.

या वाटेलाही मर्यादा आहे. व्रण फार वरपर्यंत असतील, तर जेल तिथवर पोचत नाही. म्हणून रक्त दिसताच डॉक्टरांना निःसंकोच सांगावे, आणि औषध हाती आले, की त्याची कसोटी झाली आहे काय, हेही तितक्याच निःसंकोचपणे विचारावे.